पानं भरणारी काकू

गल्लीच्या तोंडाशी कुणी परका माणूस आला आणि मोठा फोटो कुठे काढून मिळतो असं त्याने विचारलं, की कोपऱ्यावरचा चपला शिवणारा मान वर न करता सांगायचा, "थांबा काकांकडे जा." मग तो माणूस बिचारा थांबायचा. जरा वेळाने चपलावाला वर बघायचा आणि खेकसायचा, "अहो, उभे काय राहिलात? जा की!" आता यात त्या परक्याची काय चूक? फोटोग्राफरचं नावच गल्लीने 'थांबा' ठेवलेलं. जन्मभर तो गृहस्थ त्या भल्यामोठ्या लाकडी कॅमेऱ्याशेजारी उभा राहून एकच शब्द ओरडत आला होता. थांबा! हलू नका, थांबा!

आणि त्यांची बायको म्हणून ती थांबाकाकू. आयुष्यात कुणासाठी दोन मिनिटं थांबली नसेल अशी बाई, पण नाव बघा. नवऱ्याचं आडनाव लागतं तसं टोपणनावही लागलं, तक्रार करणार कुणाकडे?

फोटो काका काढतात हे सगळ्यांना माहीत होतं. फोटोच्या आधीचं आणि नंतरचं सगळं काकू करते, हे मात्र फारसं कुणाच्या ध्यानात येत नसे. त्या कॅमेऱ्याला गुंडाळीची फिल्म चालत नाही. त्याला शीट फिल्म लागते, म्हणजे वहीच्या पानासारखा एकेक सुटा ताठ तुकडा. त्या घरात त्याला पानच म्हणायचे. एका फोटोला एक पान. डब्यातून पान काढायचं, चपट्या लाकडी होल्डरात सरकवायचं, वरून पाटी लोटून बंद करायचं, आणि हे सगळं मिट्ट काळोखात. लाल दिवासुद्धा चालत नाही. उजेडाची तिरीप लागली की पान जळालं, धुतल्यावर काळंकुट्ट निघणार.

मग काळोखात पानाची पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली, हे कळायचं कसं? तर कारखान्यातच पानाच्या एका कोपऱ्याला बारीक खाचा पाडलेल्या असतात. पान उभं धरायचं. खाचा उजव्या हाताला, वरच्या कोपऱ्यात लागल्या की पानाचं तोंड आपल्याकडे. एवढीच विद्या, पण ती सगळी बोटांची. काकूच्या बोटांना ती इतकी मुरली होती की बाजारात भेंडी निवडतानासुद्धा तिचा अंगठा आधी वरचा कोपरा शोधायचा.

हे काम तिच्याकडे आलं कसं, ती गंमत नवरा-बायकोंनी कुणाला कळू दिली नव्हती. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा पानं भरायला एक म्हातारे मदतनीस होते. ते काम सोडून मुलाकडे राहायला गेले, आणि त्याच दिवशी तिने आपल्या नव्या कोऱ्या नवऱ्याला अंधाऱ्या खोलीच्या दाराबाहेर घामाघूम होऊन उभं राहिलेलं बघितलं. हातात फिल्मचा डबा, तोंड पांढरंफटक. लहानपणी लपाछपी खेळताना थोरल्या भावाने त्यांना गाद्यांच्या पेटीत लपवून वरून कडी लावली होती, आणि स्वतः खेळ सोडून जेवायला निघून गेला होता. तेव्हापासून बंद खोलीतला काळोख म्हटला की यांची पाचावर धारण बसायची. फोटोग्राफर आणि काळोखाला भितो! कोळ्याने पाण्याला भ्यावं, तशातली गत.

दुसरी एखादी असती तर फिदीफिदी हसली असती. ही हसली नाही. "द्या इकडे," म्हणाली. एक वाया गेलेलं पान घेऊन ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली, डोळे मिटले, आणि खाचा बोटात बसेपर्यंत उठली नाही. मग ती खोलीत गेली ती गेलीच. पानं भरायची तिने, धुवायची तिने, वाळत घालायची तिने. काका वाळलेलं पान हातात घेऊन उजेडात बघायचे आणि म्हणायचे, "वा! काय काढलाय!" हे स्वतःलाच बरं का. ती नुसती हूं म्हणायची.

काकांच्या भीतीपायी घरात एक रीत पडली होती. न्हाणीघराकडे जायची वाट त्या खोलीवरून होती, आणि उघड्या दारातला काळोख त्यांना चालता चालतासुद्धा सोसवत नसे. म्हणून काम नसलं की खोलीचं दार उघडं आणि आतला बारका पिवळा दिवा चालू. दिवसभर, कायम. काकू आत जायची, दार घट्ट लावायची, डोळे मिटायची, आणि मग बटण दाबायची. डोळे आधी का, असं मुलीने एकदा विचारलं तर म्हणाली, "डोळे उघडे असले की हात आळशी होतात गं." काम संपलं की मिटल्या डोळ्यांनीच पुन्हा बटण दाबायचं, दिवा लावून बाहेर यायचं. बटण खाली आहे का वर आहे हे बघायची तिला कधी गरजच पडली नाही.

आणि मग डोळेच जायला लागले.

आधी कडेकडेचं गेलं. दाराची चौकट खांद्याला लागायला लागली, कोपऱ्यातला पेला कोपराने पडायला लागला. "मेल्या चष्म्याची काच घासलीय," ती म्हणायची. एकदा बाहेरच्या खोलीत कुणीतरी शाल पांघरून उभं आहे असं तिला वाटलं. "या ना, बसा ना, उभ्या का?" ती अगत्याने म्हणाली. ती होती तीन पायांच्या घोडीवरच्या कॅमेऱ्यावर टाकलेली काळी चादर. काका पोट धरून हसले. बायकोने काय झकास विनोद केला म्हणून त्यांनी तो चपलावाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना सांगितला. तीही हसली. न हसून काय करते?

शेजारणीला सोबत म्हणून जाते असं सांगून ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. काचबिंदू, डॉक्टरबाई म्हणाल्या. मागची नस वाळत चाललीय. गेलंय ते परत येणार नाही, औषधाचे थेंब घालून उरलेलं सांभाळू, पण तेही फार दिवस पुरेल असं समजू नका. "घरी सांगितलंय ना?" त्यांनी विचारलं. "सांगते की," काकू म्हणाली, आणि थेंबांची बाटली फिल्मच्या रिकाम्या डब्यात लपवून ठेवली.

का नाही सांगितलं? तर कारण होतं, आणि ते कारण फोनवर यायचं. लग्न होऊन लांबच्या शहरात गेलेली मुलगी दर फोनला एकच पालुपद लावायची. "आई, आता पुरे झालं. बाबांचं वय बघ. इकडे या, तुमची खोली तयार आहे." काका म्हणायचे, "तुझी आई म्हणेल तसं." आई काही म्हणत नव्हती म्हणून घर चालू होतं. डोळ्यांचं कळलं असतं तर काकांनी त्याच दिवशी दुकानाला कुलूप घातलं असतं, आणि तिला नेऊन मुलीच्या घरी खिडकीपाशी बसवलं असतं. मुलगी गुणाची होती, जावई भला होता, त्यांनी तिला फुलासारखं जपलं असतं. तेच तर तिला नको होतं! बाहेर ती चाचपडत होती, ठेचकाळत होती, आवाजावरून माणसं ओळखत होती. पण खोलीचं दार लावून दिवा बंद केला की तिथे सगळेच आंधळे, आणि त्या आंधळ्यांत हिच्यासारखं कुणी नव्हतं. तेवढी एक जागा तिला हातची घालवायची नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ठरवून ती गप्प बसली.

अशात एक दिवस पलीकडच्या रस्त्यावरची बेकरीवाली आली. जाडजूड, बडबडी, मनाची निर्मळ बाई. तिच्या दोन मुलांत वडील गेल्यापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य. एक दक्षिणेला राहतो, एक उत्तरेला, आणि एकमेकांचं तोंड बघत नाहीत. "मला काही नको," ती म्हणाली. "एक मोठा फोटो हवा. मधे मी, इकडे एक, तिकडे एक. मेल्यावर भिंतीवरून तरी दोघांना एकत्र बघीन." रडून, रुसून, छातीत दुखतंय असं खोटं सांगून तिने दोघांना एका दिवसापुरतं बोलावून घेतलं.

त्या दिवशीचा तमाशा काय सांगावा! थोरला आधी आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. धाकटा आला तो दुसऱ्या भिंतीकडे. मधे बेकरीवाली, नवे कपडे घातलेली, घामाने डबडबलेली. ती आत जाऊन तोंड धुऊन आली, केस सारखे करून आली. काका चादरीखाली शिरून म्हणत होते, "थोरले, जरा जवळ सरका. अहो, भाऊ आहे तो, काटेरी कुंपण नाही." मग आत ओरडले, "अगं, पानं भर! जास्तीच भर. हे दोघं एका दमात सरळ उभे राहतील असं दिसत नाही!"

काकू खोलीत गेली. दार लावलं, डोळे मिटले, बटण दाबलं. खाचा बोटाला लागल्या, पानं सरसर होल्डरात गेली. मिटल्या डोळ्यांनी बटण दाबलं, हाताने कडी शोधली, होल्डर छातीशी धरून बाहेर आली. काका थांबा थांबा ओरडले, भाऊ थांबले. शेवटच्या पानाच्या वेळी बेकरीवालीने दोघांचे हात धरले, तर दोघांनीही सोडवून घेतले नाहीत. काकूला ते दिसलं नाही, पण काकांचा आवाज बदलला त्यावरून तिने ओळखलं. भाऊ त्याच संध्याकाळी आपापल्या दिशांना निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूने पानं धुतली. पूर्वी ती धुतलेलं पान दिव्यासमोर धरून बघायची. आताशा तेवढं डोळ्यांत उरलं नव्हतं, म्हणून पानं तारेवर चिमट्याला लावून ती चहा ठेवायला गेली. चहा उकळतोय तोवर काकांची हाक आली. "अगं ए! हे काय?"

सगळी पानं काळी. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काळी, तव्याच्या बुडासारखी. बेकरीवाली नाही, भाऊ नाहीत, धरलेले हात नाहीत.

"डबा खराब निघाला असेल," काकू म्हणाली. काकांनी दुसऱ्या डब्यातलं एक पान तिच्याकडून भरून घेतलं, अंगणात फोटो काढला. तो स्वच्छ आला. आधीच्या डब्यातली उरलेली पानं धुऊन पाहिली, तर तीही जळालेली. "डबा कुठून उघडा राहिला असेल का गं?" "माझ्या हातून?" ती एवढ्या तोऱ्यात म्हणाली की काकांनी कान पकडले. तिच्या हातून चूक होईल हे त्यांच्या मनातच येत नव्हतं. म्हणून मग ते कॅमेऱ्याच्या मागे लागले. भिंगामागचा तो घड्याघड्यांचा भाता, त्याला भोक असेल, घडीला चीर असेल. भाता ताणून, आत बल्ब धरून, चादरीखाली बसून ते भोक शोधायला लागले. भोक काही सापडेना. चादरीतून बाहेर यायचे तेव्हा कपाळाला घाम आणि तोंडाला एकच वाक्य. "मग मीच काहीतरी केलं असणार. पाटी आधी ओढली असणार. हात गेला माझा."

काकूला कळेना, झालं काय. ती मनातल्या मनात सगळं पुन्हा करून बघायची. दार, डोळे, बटण, खाच. कुठेच चूक सापडत नव्हती.

ती सापडली बेकरीवालीच्या तोंडून. फोटोचं विचारायला ती रोज यायची, आणि काका रोज अपराध्यासारखे, अजून वाळतोय, अजून वाळतोय, म्हणून तिला वाटेला लावायचे. त्या दिवशी काका बाहेर गेले होते. बेकरीवाली पाव घेऊन आली आणि टेकली. "तुमच्याकडे किती हो दिवे जळत असतात," ती सहज म्हणाली. "त्या दिवशी तोंड धुऊन येत होते, तर त्या मधल्या खोलीत कुणी नाही, काही नाही, आणि दिवा चालू! मी आपला बंद करून आले. आपण बायका अशाच ना, रिकाम्या खोलीत दिवा बघवत नाही."

काकूच्या हातातला पाव तसाच राहिला. बाईने दिवा बंद केलेला. हिने दार लावलं, डोळे मिटले, आणि बटण दाबून दिवा लावला. भर उजेडात, दिव्याखाली उभं राहून, तिने डबा उघडला आणि एकेक पान निवांत भरलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पण तिला खरा घाव बसला तो वेगळाच. मिटल्या पापणीतूनसुद्धा माणसाला दिवा कळतो. लहान मुलाला कळतो. तिला कळला नव्हता. आणि बाहेर येताना तिने तो बंद केला, तेही कळलं नव्हतं. नंतर कधीतरी काकांनी जाता येता दाराबाहेरून हात घालून तो लावून टाकला असणार, नेहमीसारखा. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तो दिवस दारात येऊन उभा होता, आणि ती त्याला या बसा म्हणायलाही चुकली होती.

बेकरीवाली गेली. सांगावं का? सांगितलं की खोली गेली. नाही सांगितलं तर? तेवढ्यात काका आले ते एक भलं मोठं खोकं घेऊन. त्यांनी कॅमेरा घोडीवरून उतरवला. चादरीची घडी केली. मग म्हणाले, "मुलीला फोन केला. येतो म्हटलं. माझ्या हातात आता राम राहिला नाही. त्या बाईला मी काय तोंड दाखवू?" आवाज असा, की जणू कुणी त्यांना पुन्हा त्या पेटीत घालून कडी लावली होती.

ते भिंग काढायला लागले, तेव्हा काकू ओरडली, "थांबा!"

काका दचकून थांबले. हा शब्द त्यांना उद्देशून आजवर कुणी ओरडलं नव्हतं.

"भात्याला भोक नाहीये," काकू म्हणाली.

"तेच तर म्हणतोय मी. भोक नाही म्हणजे चूक माझ्या हाताची..."

"भोक माझ्या डोळ्यांत आहे."

मग तिने सगळं सांगितलं. चौकटी, पेले, डॉक्टरबाई, डब्यातली बाटली, बेकरीवालीचा दिवा. सांगताना ती रडली नाही. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की ती भराभर बोलायची.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं काय, तर, "म्हणजे त्या दिवशी चादरीला 'या, बसा' म्हणालीस ते..."

"खरंच म्हणाले होते."

"आणि मी हसलो!" काका ताडकन उठले. "अख्ख्या गल्लीला सांगत फिरलो मी ते! न्हाव्याला दोनदा सांगितलं! अगं, बोलायचं नाही का? एवढी कोण लागून गेली तू, सगळं एकटीनं गिळायला?" ते खूप चिडले होते. रागाने त्यांनी स्टुलाला लाथ घातली, मग पाय दुखला म्हणून त्याच स्टुलावर बसले.

"तुम्ही दुकान बंद केलं असतं म्हणून नाही बोलले," काकू म्हणाली.

"मग आत्ता काय करतोय मी?"

काकूने हात लांबवून ते खोकं चाचपलं. तिच्या गप्प बसण्यानेच ते खोकं घरात आलं होतं.

काकांनी हळू आवाजात विचारलं, "किती दिसतं आता?"

"उजव्यात काही नाही. डाव्यात मधोमध एवढंसं उरलंय. समोर आलात तर दिसता."

काकांनी स्टूल उचललं आणि अगदी तिच्या पुढ्यात आणून ठेवलं. "आता?"

"दिसता. दाढी करायची राहिलीय."

काका हसले, आणि हसता हसता त्यांनी गालावरून हात फिरवला. मग काकू म्हणाली, "मला नाही जायचं मुलीकडे. डोळे जातील तेव्हा जातील. हातांनी काय पाप केलंय माझ्या? ते अजून शाबूत आहेत. त्यांना खिडकीत नेऊन बसवू नका." काका यावर हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. खोकं मात्र तसंच उघडं राहिलं.

दुसऱ्या दिवशी काकू स्वतः बेकरीत गेली आणि झालं तसं सांगितलं. बेकरीवालीने कपाळावर हात मारून घेतला. "मेला तो दिवा! माझ्याच हाताने मी माझी पोरं पुसली हो!" ती रडली, मग काकूच्या डोळ्यांसाठी रडली, मग दोन्ही मुलांना फोन करून रडली. आणि इथे गंमत झाली. थोरल्याला वाटलं, धाकटा हलला म्हणून फोटो बिघडला. त्याने धाकट्याला फोन लावला आणि शिव्या घातल्या. धाकट्याने व्याजासकट परत केल्या. एकमेकांशी ते कितीतरी वर्षांनी बोलत होते, आणि भांडायला इतकं साचलं होतं की फोन ठेववेना. शेवटी ठरलं की पुन्हा जायचं, आणि या खेपेला कोण हलतो ते बघायचंच.

"एवढा एक फोटो काढू," काका म्हणाले. "मग बघू पुढचं." त्या 'मग बघू'त ते उघडं खोकं आहे, हे काकूने ओळखलं.

भाऊ आले. या वेळी दोघे एकाच बाकावर बसले होते, आणि कुणाचं पोट जास्त सुटलंय यावर वाद चालला होता. काकांनी भिंग साधलं, चादरीतून बाहेर आले, आणि पानं भर अशी हाक न मारता स्वतःच डब्याकडे गेले. "मी भरतो," म्हणाले. काकू जागची हलली नाही. काका खोलीत गेले. दार लागायच्या आत बाहेर आले. ओठ पांढरे पडलेले.

"द्या इकडे," ती म्हणाली.

"आणि दिवा बंद झाला का चालू झाला, ते कोण सांगणार तुला?"

"बल्ब काढून टाका."

"आज बल्ब. उद्या दार नीट लागलं नसेल, परवा कुठल्या फटीतून ऊन येत असेल." काका हातातल्या डब्याकडे बघत राहिले. ते बरोबर बोलत होते, आणि म्हणूनच काकूला वाटलं, संपलं आता. अंधार आहे की नाही एवढं सांगायला तरी डोळे लागतात, आणि तेवढेही आपल्याकडे नाहीत. तिने टेबलावर हात टेकवले.

"चल," काका म्हणाले.

"कुठे?"

"आत. दोघं जाऊ."

"अहो, तुम्हाला नाही सोसायचं ते."

"चल म्हणतो ना! जास्त विचार करायला लावलास तर नाही जमायचं मला."

ते तिच्या मागोमाग आत आले. दार लागलं. काकांनी बटण दाबलं, आणि दुसऱ्याच क्षणी तिचा खांदा असा काही आवळला की तिला कळ आली.

"झाला का अंधार, बघा," काकू म्हणाली.

"झाला." आवाज लहान मुलासारखा आला. "सगळीकडे झाला."

"फट कुठे?"

"नाही. फट नाही. काही नाही गं, काहीच दिसत नाही."

"मग बरोबर आहे." तिने डब्याचं झाकण काढलं, एक पान बाहेर घेतलं, आणि खांद्यावरचं त्यांचं बोट ओढून पानाच्या कोपऱ्यावर टेकवलं. "लागल्या खाचा?"

"लागल्या." मग नवल वाटून, "केवढ्या बारीक आहेत! जन्मभर ऐकत होतो, हात कधी लावलाच नव्हता."

"पान उभं धरलंय. खाचा उजव्या हाताला वर. म्हणजे तोंड आपल्याकडे. आता आत जातंय. ऐका, सर्र वाजलं? गेलं. आता पाटी." ती एकेक गोष्ट सांगत गेली, आणि मागचा भात्यासारखा वर-खाली होणारा श्वास हळूहळू खाली बसत गेला. खांद्यावरची पकड थोडी सैल झाली, पण हात तिथेच राहिला.

"अगं," काका म्हणाले, "तुला पुढे कायमचं असं होणार?"

"हो."

"दिवसासुद्धा?"

"दिवसासुद्धा."

काळोखात काकांनी होल्डरावरून एकदा बोट फिरवलं. मग काका म्हणाले, "मुलीला सांगतो, आम्ही येत नाही. तिला वाईट वाटेल, वाटू दे. मी रोज येत जाईन तुझ्याबरोबर आत. घाबरत घाबरत येईन, पण येईन. अंधार झाला का तेवढं मी सांगत जाईन." तिच्या कानामागे नाक ओढल्याचा आवाज आला, मग पुन्हा आला.

"अहो, रडायचं तर जरा मागे सरकून रडा," काकू म्हणाली. "पानावर थेंब पडला तर धाकट्याच्या नाकावर डाग येईल, आणि थोरला जन्मभर हसेल."

काका मागे सरकले, पण तिचा खांदा काही सोडला नाही.